कुंदा नैताम विरुद्ध काळभुजंग

धान कापून झालं की खळ्यावर जागल असायची.
नाल्याकडून रानडुकरं यायची, पिल्लांसकट,
आणि आम्हा तिघांना झोप लागू नये म्हणून
इस्तारीने खेळ काढला : कोण जिंकेल?

नियम दोनच.
एका बाजूला खरा माणूस पाहिजे, घाम येणारा,
मैदानात आपल्या डोळ्यांनी पाहिलेला.
दुसऱ्या बाजूला खोटा चालेल, पण पक्का वाईट.

पहिल्या रात्री शिवा कोडाप पहेलवान
तीन डोक्यांच्या राक्षसाशी लावला.
शिवा एका डोक्याला धोबीपछाड घालेस्तोवर
उरलेली दोन काय करत बसतील,
यावरच कोंबडा आरवला.

दुसऱ्या रात्री शंकरपटातला धुरकरी लखमा
आणि उडत्या रथातला मायावी राजा.
"बैल आभायात कसे जातीन बे?" मुखरू म्हणाला.
"राजाले खाली या लागन," इस्तारी म्हणाला,
"हागाले तं येईन."
लखमा जिंकला.

मग कुंदा नैताम.
जिल्ह्याच्या कबड्डीत खेळणारी,
डाव्या गुडघ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
चढाईला गेली की ओठातल्या ओठात असं पुटपुटायची
जणू कोणाची उधारी मोजते आहे.
आणि समोर काळभुजंग, मंडईच्या नाटकातला,
दरवर्षी दुसऱ्या अंकात गाव पेटवून
हसायचा.
ते हसणं!
स्टेजचे पत्रे थरथरायचे,
पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या थुंकायच्या,
पोरं आईच्या मांडीत तोंड खुपसायची.

"त्याच्यापाशी जहर हाये, तलवार हाये," मुखरू.
"तिच्यापाशी दम हाये," मी.
"दम तं त्याच्यापाशी बी हाये. मोजलो मी.
एका दमात एकोणतीस."
कुंदाचा बत्तीस. तोही मोजलेला.
मधल्या तीन आकड्यांवरून आम्ही दोन रात्री भांडलो,
तुराट्यांचा अख्खा भारा जाळला,
इस्तारी माझ्याशी बोलेना.

तिसऱ्या पहाटे उतारावर जीप फसली.
नाटकवाल्यांची.
दार उघडून तो उतरला, काळभुजंगच,
अर्ध्या तोंडावर निळा रंग, अंगात उसवलेलं स्वेटर,
काखेत मुकुटाची पिशवी.
"पोट्टे हो, धक्का मारा जरा."
आम्ही जागचे हललो नाही.
कारण धुक्यातून, रस्त्याच्या कडेकडेने,
रोजच्यासारखी पळत
कुंदा येत होती.

ती थांबली. त्याच्याकडे पाहिलं.
मुखरूने माझा दंड इतका आवळला
की दुपारपर्यंत वळ होता.
तिने ट्यूब वर ओढली
आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून
जीपला टेकली.
"काका, बाजूले सरा. पाय घसरन."
"तू सर बाई. मी जिंदगीभर हेच ढकललो."
चाकं फिरली, चिखल दोघांवर उडाला,
जीप वर.
आमच्या नियमांत धक्का मारण्याबद्दल
काहीच नव्हतं.

मग ती म्हणाली, "ते हसनं... एकडाव?"
त्याने मुकुटाची पिशवी बॉनेटवर ठेवली,
आभाळाकडे पाहिलं, छाती भरून घेतली.
आम्ही बोटांच्या पेरांवर मोजत होतो.
नाल्यापलीकडे पाला करकरला,
डुकरं आल्या वाटेने पळत सुटली.
अठराव्याला त्याला खोकला आला.
तो खाली बसला, बराच वेळ.
कुंदाने पाण्याची बाटली दिली,
"चालते. रोज थोडं थोडं वाढवा,"
नव्या पोरीला सांगावं तसं सांगितलं
आणि धुक्यात गेली.

मुखरू आता राइस मिलमध्ये हमाल आहे.
अजून फोन करतो, रात्रपाळीला, कोंडा उडत असताना :
डुकरं पयाली का नाई? पयाली.
मंग? कोन जिंकला?
मी म्हणतो, अठरा.
तो म्हणतो, त्या रात्री तीन गावांत हसून आला होता तो,
ते कोन मोजन?